सोलापुरातल्या लग्नाची फुलं: अक्षतेच्या वेळेपासून उलटं मोजत कशी ठरवायची

लग्नपत्रिकेवर मुलामुलीच्या नावांखालोखाल ठसठशीत छापलेली गोष्ट म्हणजे अक्षतेची वेळ. फुलांचा सगळा हिशोब तिथून मागे धरायचा असतो. आपण बहुतेकदा दुसऱ्याच टोकाकडून सुरुवात करतो. कोणीतरी मोबाईलवर स्टेजचा फोटो दाखवतं, अख्ख्या घराला तो आवडतो आणि 'अस्संच पाहिजे' म्हणून डेकोरेटरला निरोप जातो. तो फोटो कुठल्या गावचा, कुठल्या महिन्यातला आणि सजावट पुरी झाल्यावर किती वेळाने काढलेला, हे कोणी विचारत नाही.

सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, ४२-४३ अंशही नवे नाहीत, आणि हवा कोरडी ठाक. अशा हवेत फुलाच्या रंगरूपाआधी त्याचा तग बघावा लागतो. प्रत्येक फुलाबाबत दोनच गोष्टी विचारा: खुडल्यापासून अक्षतेपर्यंत किती तास जाणार, आणि त्यातले किती तास ते पाण्याविना राहणार? एवढं डोक्यात ठेवलं की कुठलं फूल, कुठला फूलवाला आणि पैसा कुठे घालायचा, हे आपोआप उलगडत जातं.

आधी वही, मग बाजार

वहीत तीन रकाने पाडा: अंगावरची फुलं, देवाची फुलं, जागेची फुलं. अंगावरची म्हणजे वरमाला, मुंडावळ्या, नवरीची वेणी, गजरे, व्याहीभेटीचे हार. देवाची म्हणजे देवक, गणपतीपूजन, हळदीच्या दिवशीची घरची पूजा, कुलदैवताला न्यायचा हार. जागेची म्हणजे दारावरचं तोरण, कार्यालयाचं प्रवेशद्वार, स्टेज, गाडी.

पैसे कमी पडत असतील तर कात्री जागेच्या फुलांना लावा, असं माझं स्पष्ट मत आहे. स्टेजमागची भिंत कापडाने, पितळी समयांनी, केळीच्या खुंटांनीही भरते. नवरानवरीच्या गळ्यातल्या हाराची उणीव मात्र कशानेच भरून निघत नाही, आणि अल्बमच्या पानोपानी तोच दिसतो. प्रत्यक्षात उलटं चालतं. स्टेजवर भरमसाट खर्च होतो आणि वरमाला 'बघू, सकाळी आणू कुठून तरी' म्हणून राहून जाते.

यादी करताना घरातल्या जाणत्या बाईला शेजारी बसवा. सोलापुरात एका गल्लीत मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणारी घरं असतात आणि फुलांची रीत घरागणिक बदलते. तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली घरच्या नवरीला पूलजडा हवी, म्हणजे पाठीवर रुळणारी अख्खी फुलांनी मढवलेली वेणी. ती गुंफणारे हात मोजके असतात आणि ऐन मुहूर्ताला ते मिळत नाहीत. लिंगायत घरांत बाशिंगाचा मान असतो. निकाहचा सेहरा गुंफणारे कारागीर वेगळे. दोन भाषांतली सोयरीक असेल, आणि हल्ली पुष्कळ असतात, तर दोन्हीकडच्या याद्या एकत्र करून घ्या. 'तुमच्याकडे हे नसतं का?' हे वाक्य लग्नाच्या सकाळी ऐकण्यापेक्षा महिनाभर आधी ऐकलेलं बरं.

गजऱ्यांचा आकडा हमखास चुकतो. जवळच्या नात्यातल्या बायका-मुली मोजायच्या आणि वर चौथाई धरायची, कारण शेजारणी येतात, मुलीच्या ऑफिसातल्या मैत्रिणी येतात आणि नवरदेवाकडची पाच वर्षांची पोरगीही केसांत टिचभर गजरा मागते.

झेंडूचा अंदाज तुलनेने सोपा. मध्यम आकाराची फुलं किलोला साधारण दीडशे ते दोनशे बसतात आणि घट्ट ओवली तर एका फुलाला इंचभर दोरा जातो. म्हणजे पाच फुटी माळेला साठेक फुलं, किलोत तीन माळा. दारांची, खांबांची उंची मोजून फूलवाल्याकडे गेलात की तो 'पोतंभर तरी लागेल' असं म्हणून सुटू शकत नाही.

मुहूर्ताबरोबर बाजाराचीही तिथी बघा

सोलापूरच्या फुलांच्या भावाचं गणित समजायला नकाशा बघावा. तुळजापूर पंचेचाळीसेक किलोमीटर, अक्कलकोट चाळीसच्या आत-बाहेर, पंढरपूर सत्तरच्या थोडं पुढे. तिन्ही ठिकाणी रोज फुलं लागतात आणि सणावाराला तर अलोट लागतात. त्यामुळे आपल्या लग्नाच्या झेंडूची स्पर्धा नुसती दुसऱ्या लग्नांशी नसते. ती देवाच्या हारांशीही असते.

तुळशीच्या लग्नापासून डिसेंबरपर्यंतचा काळ फुलांसाठी सर्वांत चांगला. थंडी पडलेली असते, शेवंती भरात असते, दसरा-दिवाळीचा झेंडूचा चढा भाव उतरलेला असतो. या काळात मार्गशीर्षातले गुरुवार तेवढे टाळा. घरोघरी महालक्ष्मीचं व्रत, त्यात अक्कलकोट-गाणगापूरची गर्दी, त्यामुळे बुधवारी संध्याकाळपासूनच हार-वेण्यांचा भाव चढतो. दत्तजयंतीचीही तीच गत. जानेवारीत संक्रांतीच्या आसपास सिद्धेश्वरांची यात्रा असते. नंदीध्वजांच्या मिरवणुकीच्या त्या दिवसांत शहरातले फुलारी श्वास घ्यायलाही मोकळे नसतात, आणि मिरवणुकीच्या मार्गावरच्या रस्त्यांनी फुलांचा टेम्पो आणणं हे वेगळंच काम होऊन बसतं.

फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात डच गुलाबाला, म्हणजे लांब दांडीच्या बुकेतल्या गुलाबाला, हात लावू नये. १४ तारखेसाठी तो देशभरातून उचलला जातो. त्याच महिन्याच्या वीस तारखेला लग्न असेल तर तोच गुलाब आवाक्यात येतो. पाडवा, चैत्री एकादशी, अक्कलकोटला स्वामींचा प्रकटदिन हे सगळं चैत्रात एकामागोमाग येतं. पुढे एप्रिल-मेमध्ये मुहूर्तांची झुंबड आणि फुलांची दमछाक एकदमच. अपवाद एक, मोगरा. तो उन्हाळ्यातच खरा मोगरा असतो. मेमधल्या लग्नाला मोगरा सोडून शेवंतीचा हट्ट धरणं आणि डिसेंबरच्या लग्नाला मोगऱ्याचा हट्ट धरणं, दोन्हींत पैसा जास्त आणि माल हलका.

कुठलं फूल किती तास

झेंडू. ओवलेला झेंडू सावलीत दोन दिवस आरामात टिकतो, म्हणून तोरण आदल्या दिवशी लावलं तरी चालतं. घेताना वरच्या थरावर जाऊ नका. पोत्यात मनगटापर्यंत हात घाला. आत ऊब लागली तर माल तापलेला आहे, वरून कितीही केशरी दिसला तरी संध्याकाळपर्यंत काळा पडेल. एक फूल उचलून देठाकडचा हिरवा भाग चिमटीत दाबा. टणक असेल तर ठीक, बुळबुळीत लागला तर पुढच्या गाळ्यावर चला. वजन वाढवायला पाणी मारलेला झेंडूही असाच हाताला कळतो.

शेवंती. थंडीतली राणी. पाकळ्यांच्या मागची बाजू बघा, तिथे तपकिरी कडा आधी दिसतात. हारात, वेणीत, स्टेजवर, कुठेही वापरा. पांढऱ्या शेवंतीवर हाताचे डाग पटकन पडतात, एवढी काळजी घ्या.

मोगरा. याच्या कळ्या पहाटे खुडतात आणि उमलतात संध्याकाळी. दुपारी साडेबाराच्या अक्षतेला गजरा मिटलेलाच असतो, आणि तेच हवं असतं. रिसेप्शनला सातच्या सुमारास तोच गजरा उमलून दरवळतो. आदल्या दिवशीच्या कळ्यांचा गजरा मात्र अक्षतेलाच पिवळट पडलेला दिसतो. म्हणून मोगऱ्याबाबत 'आज पहाटेचा आहे ना?' एवढंच विचारायचं, बाकीची चौकशी नंतर. वेणीत भर घालायला अबोली घ्या. तिला वास नसतो, पण रंग देखणा आणि टिकाऊपणा मोगऱ्यापेक्षा जास्त.

निशिगंध, म्हणजे आपली गुलछडी. हारासाठी एकेरी पाकळीची सुटी फुलं, वास त्यांनाच जास्त. काडीवर लावायची दुहेरी पाकळीची वेगळी. बाजारात निळा, हिरवा, जांभळा रंगवलेला निशिगंधही मिळतो. तो गळ्यात घालू नका. घामाने रंग सुटतो आणि शालूवर, धोतरावर उतरतो. तो डाग ड्रायक्लीनिंगलाही दाद देत नाही.

गुलाब दोन. गावठी गुलाबाच्या पाकळ्या अर्ध्या दिवसात गळतात, तेव्हा त्याचा उपयोग पाकळ्या उधळायला, रस्ता सजवायला. हारासाठी, स्टेजसाठी डच गुलाब. तो वीस काड्यांच्या गड्डीत येतो. कळीच्या बुडाशी दोन बोटांनी हलकं दाबून बघा, घट्ट लागली पाहिजे. कळी फारच सडपातळ दिसत असेल तर बाहेरच्या सुकलेल्या पाकळ्या काढून टाकलेल्या आहेत असं समजा.

जरबेरा फोटोत भुलवतो. दहाच्या गड्डीत येतो, रंग भडक, भाव बरा. पण त्याची मान मऊ, आणि पाणी तुटलं की सगळ्यांत आधी तोच वाकतो. थंडीत, बंद हॉलमध्ये, पाण्यात उभा असेल तर घ्या. उन्हाळ्यात लॉनवर घेऊ नका. त्याऐवजी कार्नेशन किंवा ऑर्किड घ्या. महाग पडतात, पण कमी संख्येत काम भागतं. ऑर्किडचं सुटं फूल तर पाण्याविनाही दिवसभर हारात नीट राहतं. ते बहुतेक थायलंडहून आयात होतं आणि आपल्याकडे मोठ्या शहरांच्या बाजारांतून येतं, तेव्हा आठवडाभर आधी सांगावं लागतं. लिलियम वापरणार असाल तर उमलल्याबरोबर आतले केशरी परागकोश चिमटीने काढून टाकायला सांगा. ती पूड रेशमावर पडली तर पाणी लावू नका, चोळूही नका, चिकटपट्टीने टिपून घ्या.

हिरव्या पानांकडे कोणी लक्ष देत नाही, पण निम्मी सजावट त्यांचीच असते. आंब्याची डहाळी, अशोकाची पानं, अरेका पाम ही स्वस्त आणि चिवट.

फुलारी, बुकेवाला की डेकोरेटर

सोलापुरात लग्नाच्या फुलांचं काम तीन प्रकारची माणसं करतात. पहिले फुलारी, हार गुंफणारे. मधला मारुती, टिळक चौकाच्या बाजूची जुनी पेठ किंवा देवळांच्या आसपास ते भेटतात. यांतल्या कित्येकांचा पिढीजात धंदा. काहीजण आजही रोज सकाळी घरोघर फुलपुडी टाकतात. दुसरे बुकेवाले, यांच्याकडे काडीची फुलं, बुके, गाडीची सजावट. तिसरे मंडप-डेकोरेटर, स्टेज-लाइटिंगसकट सगळं अंगावर घेणारे. तिसऱ्याकडे सगळं सोपवणं सोयीचं खरं, पण हार तो स्वतः करत नाही. तो कोणा फुलाऱ्यालाच सांगतो आणि मध्ये आपला वाटा ठेवतो. मला विचाराल तर अंगावरची फुलं थेट फुलाऱ्याला, जागेची डेकोरेटरला. व्यवहार दोन होतात, म्हणून घरातल्या एकाच माणसाला फुलांचा कारभारी नेमा. मामा किंवा धाकटी आत्या असतील तर उत्तम, कारण लग्नाच्या दिवशी आईवडिलांना फोन उचलायला फुरसत नसते.

माणूस पारखायचा तर त्याच्या दुकानात दुपारी चारला जाऊन अल्बम बघण्यात अर्थ नाही. मोठ्या तिथीच्या दिवशी सकाळी सातला जा. बादल्यांतलं पाणी स्वच्छ आहे की गढूळ? देठांची टोकं हिरवी आहेत की काळी पडलेली? गिऱ्हाइकांची रेटारेटी असताना तो माणसांशी कसा बोलतो? कामाला असलेल्या बायकांच्या हाताचा वेग बघा, गुंफताना दोन फुलांमध्ये किती अंतर सोडतात ते बघा. डेकोरेटरच्या बाबतीत, त्याने सजवलेल्या एखाद्या लग्नात अक्षता पडून दोन तास झाल्यावर डोकावून या. जेवणाच्या पंगती उठत असताना स्टेज कसं दिसतं, तीच त्याची खरी परीक्षा.

शक्य असेल तर लग्नाआधीचं एखादं छोटं काम त्याला द्या. साखरपुड्याचे दोन हार, घरच्या सत्यनारायणाची फुलं. वेळेवर आणतो का, सांगितलेलंच आणतो का, हे चार गजऱ्यांतही समजतं.

मग बसून विचारायचे प्रश्न. पहिला आणि सगळ्यांत मोलाचा: 'अण्णा, त्या दिवशी तुमच्याकडे एकूण किती ऑर्डरी आहेत?' उत्तर देताना माणूस जरा थांबला की अर्धं उत्तर मिळालंच. मोठ्या मुहूर्ताला दोन-तीन कामं सगळेच घेतात, त्यात वावगं नाही. आपल्याकडे येणारी टोळी कुठली आणि मुख्य कारागीर कुठे असणार, ते विचारून ठेवा. दुसरा: माल कुठून येणार आणि कधी? झेंडू, शेवंती, निशिगंध जिल्ह्यातल्या शेतांतून सकाळी येतो. डच गुलाब, जरबेरा, कार्नेशन पुण्याकडून येणार असेल तर अडीचशे किलोमीटरचा रात्रीचा प्रवास आहे. दुपारच्या अक्षतेसाठी हा माल त्याच दिवशी पहाटे उतरवून चालत नाही. तो आदल्या सकाळी आला पाहिजे, म्हणजे देठ तिरके छाटून चार-सहा तास सावलीत पाणी प्यायला वेळ मिळतो. न पाजलेला गुलाब स्टेजवर चढवला की डोळ्यांदेखत मान टाकतो.

तिसरा प्रश्न ऐकून डेकोरेटर तुमच्याकडे जरा आदराने बघेल: स्टेजवरची फुलं भिजवलेल्या फोमवर लावणार की कोरडी टोचणार? कोरड्या फुलांचा खर्च कमी आणि आयुष्यही तासा-दोन तासांचं. फोमवर लावणार असेल तर तो भिजवताना एकदा बघा. तो हिरवा ठोकळा पाण्यावर नुसता ठेवायचा असतो, स्वतःच पाणी शोषून बुडू द्यायचा. हाताने दाबून बुडवला तर आत कोरडा गाभा राहतो आणि नेमकी तिथवर गेलेली काडी तहानलेली राहते. हा ठोकळा प्लास्टिकच्याच जातीचा आहे, कुजत नाही. तेव्हा जिथे बादली, घागर, कुंडी चालते तिथे ती वापरायला सांगा.

चौथा: आर्टिफिशियल किती? यात लपवाछपवी फार चालते. वरच्या भागात, लांबून दिसणाऱ्या कमानीवर कापडी फुलं असायला माझी हरकत नाही, उन्हाळ्यात तर तेच शहाणपणाचं. पण ती आधी ठरलेली असावीत आणि भाव त्याप्रमाणे असावा. थर्माकोलची अक्षरं-कमानी कोणी सुचवल्या तर सरळ नाही म्हणा, सजावटीच्या थर्माकोलवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे.

कार्यालय ठरवतानाच एक गोष्ट बोलून घ्या. काही कार्यालयांचे, लॉनचे स्वतःचे डेकोरेटर ठरलेले असतात आणि बाहेरचा आणला तर वेगळे पैसे लागतात. बुकिंगची पावती फाडल्यावर हे समजलं तर तुमच्या हातात काही राहत नाही.

बोलणं कागदावर

'एकदम भारी करून देतो' याला व्यवहारात किंमत नाही. साध्या कागदावर किंवा व्हॉट्सॲपवर लिहून घ्या: कुठे, कुठलं फूल, कुठला रंग, किती किलो किंवा किती गड्ड्या, ताजं की कापडी. ते फूल नाही मिळालं तर त्याऐवजी काय, आणि ते ठरवायच्या आधी फोन कोणाला. सजावट किती वाजता पुरी, उतरवणार कोण, शिडी-वायर-खिळे कोणाचे. पक्कं बिल घेणार असाल तर ताज्या फुलांवर जीएसटी नाही, सजावटीच्या सेवेवर १८ टक्के आहे. कोटेशनमध्ये तो धरलाय की वर लागणार, हे आत्ताच विचारा.

इसार चौथा हिस्सा ते एक तृतीयांश पुरे. उरलेल्यातले थोडे सजावट लागल्यावर आणि शेवटचा हप्ता कार्य पार पडल्यावर. घासाघीस करा, पण मुळावर येऊ नका. भाव फार पाडला तर तो हो म्हणतो आणि फुलं कमी करतो. त्यापेक्षा 'एवढे पैसे आहेत, यात नीट काय होईल?' असं विचारलं तर जुना फुलारी स्वतःच उपाय काढतो.

वरमाला

हाराचा नमुना बघताना पुढून बघू नका, उलटा करून बघा. मागच्या बाजूला तार उघडी दिसते का, पिनांची टोकं बाहेर आहेत का, दोऱ्याच्या गाठी कशा मारल्यात. मानेवर येणारा वीतभर भाग मऊ कापडाने किंवा नुसत्या दोऱ्याने मढवलेला हवा, तिथे फुलं नकोत. नवरीच्या मानेवर आधीच ठुशी, लक्ष्मीहार असतात, त्यावर तारेचा हार दोन तास म्हणजे शिक्षाच. तयार नमुना स्वतः गळ्यात घालून पाच मिनिटं दुकानात उभे राहा. जड वाटला तर नवरीला चौपट जड वाटणार.

लांबी बेंबीच्या थोडी खाली. गुडघ्यापर्यंतचे हार बसताना मांडीत चुरगळतात आणि होमाशेजारी तर धोक्याचेच. उंचीत फार फरक असेल तर दोन हार दोन लांबीचे करा, फुलाऱ्याला हे सांगावं लागतं, तो आपणहून जोडी एकसारखी बनवतो. नऊवारीचा, शालूचा रंग कळवण्यासाठी फोटो पाठवू नका, ब्लाउजपीसची कतरण नेऊन द्या. फोटोत लाल आणि डाळिंबी एकच दिसतात.

वरमाला एक जोड जास्तीची सांगा, साधी, निशिगंधाची. पोरांनी नवरदेवाला उचलून धरायचा खेळ सुरू केला की पहिला हार हमखास तुटतो. रिसेप्शनला दुपारचाच हार घालायचा विचार असेल तर ऑर्किड किंवा शेवंतीचा करा. नाहीतर संध्याकाळचा वेगळा.

आदली रात्र आणि सकाळ

आदल्या दिवशी दुपारी एकदा फोन, रात्री एकदा. दुपारी विचारायचं, बाहेरून येणारा माल पोचला का. नसेल तर पर्यायी फुलाचा निर्णय तेव्हाच घ्यायला वेळ असतो. कार्यालयात पाण्याची सोय स्वतः बघा. सोलापुरात पुष्कळ भागांत नळाला रोज पाणी येत नाही आणि बोअरचं पाणी क्षारांचं. गुलाब-कार्नेशनच्या बादल्यांसाठी पिण्याच्या पाण्याचे दोन-चार जार सांगून ठेवले तर फरक दिसतो. बादल्या कुठल्या खोलीत ठेवायच्या तेही ठरवा. खिडकी पश्चिमेला नको, कूलरचा झोतही थेट फुलांवर नको.

आणि उन्हाळ्यातली हमखासची चूक: घरात एक गार अंधारी खोली असते, तिथे आंब्याच्या पेट्या रचलेल्या असतात, आणि 'इथे गारवा आहे' म्हणून हार-गजऱ्यांच्या टोपल्याही तिथेच ठेवल्या जातात. पिकणाऱ्या आंब्यातून, केळ्यांतून इथिलीन वायू सुटतो. फळ त्याने पिकतं आणि फूल त्यानेच म्हातारं होतं. कार्नेशन, ऑर्किड तर फार लवकर. फळांची खोली वेगळी, फुलांची वेगळी. फ्रिजलाही हाच नियम. मोगऱ्याचा गजरा ओल्या पातळ कापडात किंवा केळीच्या पानात गुंडाळून बंद डब्यात ठेवला तर फ्रिज चालतो. ऑर्किडचा हार फ्रिजमध्ये नको, फार गारव्याने पाकळ्यांवर पाणचट डाग पडतात.

लग्नाच्या सकाळी कारभाऱ्याने हार ताब्यात घेताना टोपली उघडून मोजायचं, वासासाठी नाक आत घालायचं (कुजका वास डोळ्यांच्या आधी सांगतो), आणि ओलं कापड झाकून वर काही न ठेवता न्यायचं. हारांवर पाण्याचे हबके मारत बसू नका, हलका शिडकावा पुरे. स्टेजवर हॅलोजन लावले असतील तर पाहुणे येईपर्यंत बंद ठेवायला सांगा. एलईडी असतील तर ही चिंता नाही.

लॉन, वळीव आणि गाडी

होटगी रोड, विजापूर रोड, पुणे रोडच्या लॉनवर एप्रिल-मेच्या संध्याकाळी वावटळ उठते आणि मागोमाग वळीव कोसळतो. फुलांची कमान वाळूच्या पिशव्यांनी दाबलेली किंवा जमिनीत रोवलेली असावी, नुसती टेकवलेली नको. खुल्या जागेत पाकळ्यांचा गालिचा पाहुणे यायच्या अर्धा तास आधी टाकायचा. दुपारी टाकला तर चारला चुरा.

गाडीची सजावट साधीच ठेवा. वरात गावातल्या गावात असेल तर हौस करा. पण नवरी अक्कलकोटला किंवा बार्शीला जाणार असेल तर ऐंशीच्या वेगात गुलाब उडून जातात आणि चिकटपट्टीचे डाग तेवढे राहतात. झेंडूच्या माळा दाराच्या मुठींना बांधा. पुढच्या काचेसमोर ड्रायव्हरच्या नजरेआड काही येऊ देऊ नका.

दुसऱ्या दिवशी

घागरी, उरळ्या (फुलं-पाणी ठेवायची पसरट भांडी), स्टँड डेकोरेटरचे असतील तर उतरवताना कारभाऱ्याने मोजून परत द्यावेत, तुटफूट तिथल्या तिथे मिटवावी. राहिलेली फुलं कचऱ्याच्या गाडीत किंवा तलावात टाकण्याऐवजी दोरे, तारा, पिना, फोम वेगळे काढून खताला द्या. झेंडू, शेवंती, पाकळ्या यांचं खत चांगलं होतं. तोरणातली मोठी वाळलेली झेंडूची फुलं चार बाजूला काढली तर पावसाळ्याच्या तोंडावर कुंडीत टाकायला रोपंही मिळतात. आणि फुलाऱ्याचा शेवटचा हप्ता त्याच दिवशी चुकता करा. धाकट्याच्या लग्नात पुन्हा त्याच्याच दारात जायचं असतं.